सुरू होऊन लगेच बंद पडणारे इंजिन

गाडी अजिबात सुरू न होणे आणि सुरू होऊन लगेच बंद पडणे या दोन तक्रारी गॅरेजमध्ये बहुधा एकाच दमात सांगितल्या जातात. तपासाच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे. इंजिन दोन सेकंद का होईना स्वतःच्या बळावर फिरले, म्हणजे बॅटरीत दम आहे, स्टार्टर ठीक आहे, सिलिंडरांत कामापुरते कॉम्प्रेशन आहे, स्पार्क पडतो आहे आणि तोही जवळपास योग्य वेळी. इतकी यंत्रणा धड असल्याचा पुरावा गाडीनेच दिलेला असतो. तरीही अशा गाडीला आधी नवे प्लग आणि मग नवी बॅटरी बसवली जाते, आणि बिघाड होता तिथेच राहतो. खरा प्रश्न एवढाच असतो: सेल्फ मारताना जे मिळत होते आणि किल्ली सोडल्यावर मिळेनासे झाले, ते काय?

सेल्फ लागतो तेव्हा स्टार्टर मोटर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० ते २५० फेऱ्यांनी फिरवते. या वेळी ईसीएम, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, हवेच्या बारीक मोजमापात शिरत नाही. इंजिन किती थंड आहे एवढे पाहून तो ठरलेले, जरा सढळ इंधन देतो. इंजिनाने वेग घेतला की फेऱ्यांचा काटा क्षणभर १,२०० ते १,५०० पर्यंत चढतो. मग संगणक हात आखडता घेतो, जादा इंधन कमी करतो, हवेची वाट अरुंद करतो आणि फेऱ्या ७०० ते ८५० च्या आसपास आणून ठेवतो. बहुतेक इंजिने याच उतरणीवर मान टाकतात. शिवाय त्याच सुमारास किल्ली ‘स्टार्ट’वरून ‘ऑन’वर परतलेली असते, किल्लीतल्या चिपची पडताळणी झालेली असते आणि पंपाने आधी भरून ठेवलेला पेट्रोलचा दाब खर्ची पडलेला असतो. संशयितांची यादी इथेच तयार होते.

बोनेट उघडण्याआधी इंजिन नेमके कसे बंद पडते ते दोन-तीनदा लक्ष देऊन पाहावे. दर वेळी तेवढ्याच सेकंदांनी, जराही न अडखळता ते गप्प झाले, तर वीज किंवा संगणक कुठेतरी पुरवठा तोडतो आहे. गचके खात, थरथरत बंद पडले तर इंधन किंवा हवा. सकाळी थंड असतानाच होते का, की लांबचा प्रवास करून थांबल्यावर? पेट्रोल भरून पंपावरून निघतानाच होते का? बॅटरी काढून बसवल्यापासून सुरू झाले का? या उत्तरांनी निम्मा तपास होतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

दुसरी फुकटची चाचणी ॲक्सिलरेटरची. गाडी न्यूट्रलमध्ये, हॅण्डब्रेक ओढलेला आणि जागा मोकळी असावी; बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड साठतो. हलकी रेस देऊन गाडी सुरू करायची आणि फेऱ्या १,५०० च्या पुढे ठेवायच्या. रेसवर इंजिन टिकले आणि पाय काढताच बंद पडले, तर दोष आयडलिंगच्या हवेत शोधावा. रेस देऊनही ठरल्या वेळी बंद पडले, तर इंधनाचा दाब, स्पार्क किंवा इमोबिलायझर. रेस दिल्यावर आणखी लवकर गुदमरले, तर सायलेन्सरकडे पाहावे.

न अडखळता बंद पडणाऱ्या गाडीत पहिला मान इमोबिलायझरचा. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना ही चोरीविरोधी यंत्रणा सक्तीची झाली आणि आता ती जगभर सर्रास आढळते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेल्या तारेच्या कड्यातून येणाऱ्या रेडिओलहरींवर ती जागी होते आणि आपला संकेत सांगते. संकेत जुळला नाही तर संगणक इंजेक्टर बंद करतो. काही कंपन्यांच्या गाड्या अशा वेळी सुरूच होत नाहीत. काहींत इंजिन एक-दोन सेकंद चालू दिले जाते आणि मग तोडले जाते. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत राहते, ती खूण नजरेतून सुटता कामा नये. रिमोटचा सेल संपल्याने हे होत नाही, कारण दार उघडणारा रिमोट आणि ही चिप एकाच मुठीत असल्या तरी वेगळ्या. रस्त्याकडेच्या किल्लीवाल्याने घासून दिलेली नुसती धातूची किल्ली कुलूप फिरवते, पण तिच्याजवळ संकेत नसतो. कधी एकाच जुडग्यात दोन गाड्यांच्या चिपा असल्या की एकीचा आवाज दुसरीत मिसळतो. म्हणून घरातली दुसरी किल्ली, जुडग्यातून सुटी करून, लावून पाहणे हा पहिला उपाय. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत रिमोटच बटणाला टेकवून बटण दाबण्याची सोय बहुधा असते.

किल्ली निर्दोष ठरली की इंधनाकडे वळायचे, आणि तपासाचा सर्वांत मोठा भाग इथेच आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. किल्ली ‘ऑन’वर फिरवून सेल्फ न मारता कान दिला, तर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते आणि थांबते. संगणकाने पंप तेवढाच वेळ चालवून नळीत दाब भरून ठेवलेला असतो. नेहमीच्या इंजेक्शनमध्ये हा दाब ३ ते ४ बार असतो. यानंतर क्रँकशाफ्ट फिरत असल्याचा संकेत येईपर्यंत पंप बंद राहतो. अपघातात नळी तुटली तर पंपाने रस्त्यावर पेट्रोल ओतत राहू नये, हा त्यामागचा विचार. आता रिलेमध्ये किंवा वायरिंगमध्ये दोष असेल आणि पंप पुन्हा चालू झालाच नाही, तर इंजिन आधी भरलेल्या दाबावर सुरू होते आणि तो संपला की बंद पडते.

आयडलिंगला लहान इंजिन तासाला एखादा लिटर पेट्रोल खाते, म्हणजे सेकंदाला पाव मिलिलिटरच्या आसपास. इंजेक्टरांपर्यंतच्या नळीत त्याच्या कितीतरी पट पेट्रोल असते, मग ते दोन सेकंदांत कसे संपते? ते संपत नाही, दाब संपतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, त्यामुळे बंद नळीतून थोडेसे पेट्रोल बाहेर पडले तरी दाब कोसळतो आणि भरलेल्या नळीतूनही इंजेक्टर फवारा मारू शकत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत नेमके उलटे होते. तिथे फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल दाबाविना ओढले जाते, म्हणून टाकीकडून येणारा पुरवठा पूर्ण बंद असला तरी वाटी रिकामी होईपर्यंत, मिनिटभर किंवा अधिकही, इंजिन छान चालते. जुनी मारुती ८०० किंवा पद्मिनी दोनच सेकंदांत बंद पडत असेल, तर कारण पंपापेक्षा आयडल जेटमध्ये अडकलेला कचरा असण्याचा संभव जास्त. चोक ओढलेला असेतो ती चालते आणि चोक आत ढकलताच बंद पडते.

पंपाच्या संशयावर सोपी चाचणी अशी: किल्ली तीन-चार वेळा ‘ऑन’ करून, दर वेळी गुणगुण संपू देऊन, मगच सेल्फ मारायचा. त्याने इंजिन नेहमीपेक्षा जरा जास्त टिकले, तर दाबाची शंका बळावते. फ्यूज-बॉक्समध्ये हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर तो पंपाच्या जागी लावून पाहावा. आवाज येतो म्हणून पंप चांगला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पंपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरली असेल किंवा टाकीतली छोटी नळी चिरली असेल, तर मोटर फिरते, गुणगुणते आणि दाब चढत नाही. निकाल प्रेशर गेजच देतो. इंजिन बंद पडताना गेजचा काटा आधी खाली आला, तर दोष इंधनाचा. काटा जागेवर असताना इंजिन बंद पडले, तर पंपाला विनाकारण बदलू नये. गेज जोडताना नळीत दाब असतो हे ध्यानात ठेवायचे. फटकन सुटलेले पेट्रोल डोळ्यांत आणि गरम एक्झॉस्टवर जाते.

पेट्रोल पोहोचते पण ते पेट्रोलच नसते, असेही होते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरण्याचे प्रकार घडतात आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे त्याला वेगळे वळण मिळते. इथेनॉल पाण्याशी एकजीव होते. पाणी थोडे असेल तर ते इंधनाबरोबर जळून जाते. मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. पंपाचे तोंडही तळाशीच असते. नळीत उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होते आणि मागून पाणी आले की गचके खाऊन थांबते. काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून दहा मिनिटे स्थिर ठेवले, तर मधोमध स्पष्ट रेघ दिसते. पंपावरून पेट्रोल भरून निघतानाच, तेही दर वेळी, गाडी बंद पडत असेल, तर कारण पर्ज व्हॉल्व्ह हे निघू शकते. टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठवून नंतर इंजिनाला पाजणारी ही झडप आहे. ती उघडीच अडकली की भरलेल्या टाकीतली वाफ सुरुवातीलाच इंजिनात घुसते आणि मिश्रण अतिसमृद्ध होते. झडपेची नळी इंजिनाच्या बाजूने चिमटीत दाबून सेल्फ मारला, की लगेच कळते.

हवेचे दोष कमी खर्चिक आणि जास्त फसवे. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना १.२ लिटरच्या इंजिनाला मिनिटाला साधारण दीड-दोनशे लिटर हवा लागते. ती थ्रॉटलच्या चकतीभोवतीच्या बारीक फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हच्या आडवाटेने येते. क्रँककेसमधली तेलकट वाफ आणि धूळ मिळून तिथे काळा राप चढतो. संगणक ही घट ओळखून महिनोन्महिने चकती थोडी-थोडी जास्त उघडत राहतो आणि तो हिशेब आपल्या स्मृतीत ठेवतो. मग बॅटरी बदलली जाते, स्मृती पुसली जाते, संगणक नव्या गाडीचे माप लावतो आणि रापलेल्या फटीतून पुरेशी हवा जात नाही. ‘बॅटरी बदलली आणि गाडी बिघडली’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते. थ्रॉटल बॉडी क्लीनरने आणि मऊ फडक्याने साफ केली की काम होते. विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलची चकती बोटाने जोरात ढकलू नये आणि नंतर स्कॅनरने तिची मूळ जागा संगणकाला पुन्हा शिकवावी लागते.

कमी हवेइतकीच चोरवाटेने आलेली हवाही घातक, पण तिचा परिणाम गाडीतल्या सेन्सरवर अवलंबून असतो. एअर फिल्टरनंतर लगेच हवेचा प्रवाह मोजणारा मॅफ सेन्सर असेल, तर त्याच्या पुढे फाटलेल्या रबरी नळीतून आलेली हवा मोजलीच जात नाही. इंधन कमी पडते आणि इंजिन बंद पडते. भारतातल्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांत मात्र मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे जादा हवा मोजली जाते, इंधनही वाढते, आणि गळती असूनही इंजिन बंद पडण्याऐवजी आयडलिंग चढते. हा फरक ठाऊक नसल्याने कित्येक गाड्यांत नसलेली गळती शोधण्यात दिवस जातो. मॅफ सेन्सरचा संशय असेल तर त्याचा प्लग काढून गाडी सुरू करावी. संगणक ठोकळ अंदाजाने इंधन देऊ लागतो, आणि त्यावर इंजिन टिकले तर सेन्सर खोटे बोलत होता. ब्रेक बूस्टरची नळी, क्रँककेसची वाफ इंजिनात नेणारी पीसीव्ही झडप आणि अडकलेली ईजीआर झडप याच रांगेत येतात. ईजीआर उघडी राहिली की जळून निघालेला वायू परत सिलिंडरात येतो आणि आयडलिंगच्या थोडक्या मिश्रणाला तो विझवून टाकतो. एअर फिल्टरचा डबाही उघडून पाहावा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदराने त्यात चिंध्यांचे घर केलेले सापडते आणि पाण्यातून गेलेल्या गाडीत भिजून चिकटलेला कागद. पाणी डब्यात दिसले तर पुन्हा सेल्फ मारू नये; ते सिलिंडरात गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

विजेच्या दोषांत अभिजात उदाहरण जुन्या पॉइंटच्या गाड्यांचे आहे. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, म्हणून तेवढ्यापुरता कॉइलला थेट पुरवठा दिला जाई आणि किल्ली सोडल्यावर तो बॅलास्ट नावाच्या रेझिस्टरमधून जाई. बॅलास्ट जळाला की इंजिन सेल्फवर सुरू होई आणि किल्ली सोडताक्षणी बंद पडे. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी क्रायस्लर गाड्यांचा हा दोष इतका नेहमीचा होता, की मालक जादा बॅलास्ट गाडीतच बाळगत. आजच्या गाड्यांत बॅलास्ट नाही, पण इग्निशन स्विच आहे. त्याचा ‘ऑन’चा संपर्कबिंदू जळला असेल, तर किल्ली परतताना इंजिनाबरोबर डॅशबोर्डचे दिवेही क्षणभर मरतात. किल्ली हळूच मागेपुढे हलवल्यावर दिवे लुकलुकले, तर आणखी पुरावा नको. क्रँकशाफ्ट सेन्सरचा दोष बहुधा इंजिन तापल्यावर डोके काढतो. बंद पडताना टॅकोमीटरचा काटा इंजिनाच्याही आधी शून्यावर पडला, तर त्याच्याकडे पाहावे. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी यांना कोणताही नियम लागू नाही. ती डोळ्यांनीच शोधावी लागतात.

सायलेन्सर तुंबला तर इंजिन आपलाच धूर गिळते. बराच काळ मिसिंग असलेल्या गाडीत न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आतली जाळी वितळते आणि वाट बंद होते. अशी गाडी दोनऐवजी पाच-दहा सेकंद घेऊन, रेस दिली तर लवकर, गुदमरते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथून वायूला वाट दिली आणि इंजिन मोकळे झाले, की निदान पक्के. आवाज मोठा होतो आणि गरम वायूचा झोत बाहेर येतो, म्हणून हात दूर ठेवावा.

डिझेल इंजिनात स्पार्क नाही, त्यामुळे संशयितांची संख्या घटते आणि हवेचा अर्थच बदलतो. ‘एअर धरली’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा डिझेलच्या नळीत हवेचे बुडबुडे शिरलेले असतात. फिल्टर बदलून हातपंपाने एअर काढायची राहिली, तर पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते, बुडबुडा आला की थांबते. कॉमन रेल इंजिनाला सुरू व्हायलाच रेलमध्ये साधारण २०० ते ३०० बार दाब लागतो, म्हणून चिमूटभर हवाही त्याला पुरते. फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडून पाहिले, की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत डिझेल तोडणारा सोलेनॉइड असतो; त्याची वायर सैल झाली तर अगदी हेच लक्षण.

मुंबई-पुण्याकडे सीएनजीच्या गाड्या भरपूर असल्याने एक वेगळी गुंतागुंत नित्याची झाली आहे. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि पाणी ३० ते ४० अंशांपर्यंत तापले की आपोआप गॅसवर जातात. गॅसच्या सिलिंडरातला २०० बारपर्यंतचा दाब रेड्यूसरमध्ये उतरवताना गॅस इतका थंड होतो, की रेड्यूसरला इंजिनाच्या गरम पाण्याची ऊब द्यावी लागते. सुरू होताच बंद पडणे आणि गॅसवर पडताक्षणी बंद पडणे यांत गल्लत होऊ नये. दुसऱ्या प्रकारात सिलिंडरचा व्हॉल्व्ह, गॅसचा फिल्टर आणि सोलेनॉइड पाहायचे. पहिल्या प्रकारात दोष पेट्रोलचा असतो, आणि त्याचे मूळ सवयीत सापडते: पेट्रोल महाग म्हणून टाकीत जेमतेम दोन लिटर ठेवले जाते, ते जुने होते, आणि पेट्रोलने थंड व्हायचा पंप कोरडा फिरून जळतो. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्या टाटाने २०२२ मध्ये टियागोपासून आणल्या. त्यांत ही अडचण उरत नाही, मात्र तिथेही पेट्रोल अधूनमधून वापरणे बरे.

स्कॅनर या सगळ्यानंतर लावावा की आधी, यावर मेकॅनिकांचे एकमत नाही. आधी लावायला हरकत नाही, फक्त कोडला निकाल समजू नये. पी ०१७१ हा कोड मिश्रणात इंधन कमी पडते एवढेच सांगतो. त्यामागे फाटकी नळी, दमलेला पंप आणि मळका मॅफ सेन्सर यांतले काहीही असू शकते. पी ०३३५ क्रँकशाफ्ट सेन्सरच्या परिपथाकडे बोट दाखवतो, सेन्सरकडेच असे नाही. कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. नागपुरात मे महिन्यात इंजिनाचे तापमान उणे ४० अंश दिसत असेल, तर तापमान सेन्सरची वायर तुटलेली आहे आणि गाडी बर्फात आहे असे समजून संगणक सिलिंडर पेट्रोलने भिजवत असण्याची शक्यता आहे.

इतके करूनही धागा लागला नाही, तर टायमिंग बेल्ट किंवा चेन एखाद्या दात्याने सरकली का, ते पाहायचे उरते. त्या इंजिनाला सेल्फचा आवाज बदललेला असतो, ते रडतखडत सुरू होते, रेस घेत नाही आणि आयडलिंगला टिकत नाही. अनेक इंजिनांत टायमिंग आणखी सरकले तर झडपा पिस्टनवर आपटतात. म्हणून अशी शंका आली की पुन्हा सेल्फ न मारता गाडी टोचन करून न्यावी, कव्हर उघडावे आणि क्रँक व कॅमच्या खुणा समोरासमोर येतात का ते तपासावे.